मोटारीला आवतण

गाडी पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी आणायची की पोळा झाल्यावर, एवढाच काय तो प्रश्न होता. तुमसरचे बाबूलाल शेठ म्हणाले होते, "पोळा होऊन जाऊ दे, कवडू. मंग आरामात ने. नवी गाडी, नवा हात, आन रस्त्यावर सारे बैल."

कवडूनं मान हलवली. मान तो कशालाही हलवत असे. (लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तेव्हाही त्यानं अशीच हलवली होती. ती होकाराची की नकाराची, यावर दोन्हीकडच्या पाहुण्यांत चहा थंड होईपर्यंत चर्चा झाली.) पण त्या दिवशी मान हलवून झाल्यावर त्याला बायकोचा, रुखमिणीचा चेहरा आठवला आणि तो म्हणाला, "नाही शेठ. आजच नेतो."

इतकं ठामपणे तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला. तेव्हाच गप्प बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कवडू नाकाडोंगरीचा. सातवीत असताना मास्तरांनी उभं राहून धडा वाचायला सांगितलं, तो उभा राहिला, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेलाच नाही. चिखल्याच्या खाणीवरच्या ट्रकवर आधी क्लीनर म्हणून लागला, मग तिथंच गाडी शिकला. बोलण्याचं काम नसलेला धंदा म्हणून त्याला तो आवडला. पुढं बाबूलाल शेठनी भाडेकरारावर गाड्या द्यायला सुरुवात केली. गाडी शेठची, चालवायची आपण, महिन्याला ठरलेलं भाडं द्यायचं, आणि कराराची वर्षं नीट पार पडली की गाडी आपली. कवडूच्या वाट्याला नवी कोरी पांढरी मोटार आली. जामीन कोण, असं कारकुनानं विचारलं तेव्हा शेठच म्हणाले, "याचा बाप यादोराव आमच्या वडलांचं धान बंडीनं वाहत होता. कधी पोतं फाटलं नाही, कधी बैल अडला नाही. तोच जामीन." मग कवडूला म्हणाले, "एकच गोष्ट ध्यानात ठेव. गाडीत काही बिघाड वाटला तं पहिले माह्याकडे यायचं. दुसऱ्या कोणाले हात लावू द्यायचा नाही."

कवडूनं मान हलवली.

गाडी पोळ्याच्या आत आणायचं कारण आंबागडला होतं. आंबागड म्हणजे रुखमिणीचं माहेर. तिथं पोळ्याचं तोरण तोडायचा मान पिढ्यान्‌पिढ्या पाटलाच्या बैलांचा. आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधतात, त्याखाली साऱ्या गावचे बैल रांगेनं उभे राहतात, मानाच्या जोडीनं तोरण तोडलं की पोळा फुटतो आणि बैल घरोघरी पळतात. यंदा पाटलाच्या घरी सुतक होतं. म्हणून तो मान रुखमिणीच्या वडलांकडे, टिकारामकडे आला होता. असा मान घराण्यात कधी आला नव्हता आणि पुन्हा येण्याची काही शक्यता नव्हती.

"माह्या बाचे बैल तोरण तोडतीन आन आपण एस्टीतून उतरून चिखल तुडवत जावाव काय?" रुखमिणी म्हणाली होती. "गाडी आनून राहिले ना तुमी? मंग गाडीनंच जाऊ."

गाडी अंगणात आली तेव्हा यादोराव गोठ्यात होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. तूप पातळ करायचं, त्यात हळद घालायची, पळसाच्या पानानं ते कोमट तूप बैलाच्या खांद्यावर चोळायचं. वर्षभर जू वाहून खांदा सुजलेला असतो, त्याला तेवढाच आराम. चोळताना बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

यादोराव तुपाची वाटी घेऊन बाहेर आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "धट्टीकट्टी हाये. हे ओढते कोठून?"

"चाकावर जोर असते, बाबा."

"म्हणजे खांद चाकातच म्हणावं."

कवडूला आंघोळीला जायची घाई होती. रुखमिणीनं पाणी काढून ठेवलं होतं आणि ते निवत चाललं होतं.

"हिलेबी आवतन द्यावाव काय?" यादोरावनं विचारलं. "कमावती हाये. एकटी उपाशी काहून ठेवावी?"

कवडूनं मान हलवली आणि न्हाणीकडे गेला.

तो परत आला तेव्हा गाडीच्या कपाळावर हळदीची पाच बोटं उमटलेली होती. समोर उदबत्ती लावलेली. चाकांच्या मधल्या चकचकीत वाट्या कोणीतरी काढून, पुसून पुन्हा बसवल्यासारख्या लखलखत होत्या. बाप गाडी इतकी पुसतो हे पाहून त्याला बरं वाटलं. यादोरावही खूश होता. "तुपाची सारी वाटी पिली लेका," तो म्हणाला. "बैलाच्या वर खाते."

कवडूला वाटलं, म्हातारा गंमत करतो आहे. तो हसला. बापाच्या बोलण्यावर हसायची त्याला सवय होती. बोलणं ऐकायची तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं निघाले. रुखमिणी नव्या लुगड्यात मागच्या सीटवर बसली होती, कारण पुढं बसली तर बाहेरून नीट दिसत नाही असं तिचं म्हणणं होतं. रस्ता ओला होता, दोन्ही बाजूंना धान हिरवंगार. अधूनमधून बैल आडवे येत, कवडू ब्रेक दाबी, आणि गाडी जरा विचार करून थांबे.

"कोणाच्या तरी घरी पुऱ्या तळून राहिले," रुखमिणी म्हणाली.

"पोळा हाये ना."

पुढच्या वळणावरही तोच वास. त्याच्या पुढच्या गावात तर फारच. "या गावचे लोक चांगल्या तुपात तळतात," ती म्हणाली. दोन गावांच्या मधल्या जंगलात, जिथं घर सोडा, झोपडीही नव्हती, तिथंही कोणीतरी खमंग तळत होतं. पण सणाच्या दिवशी तळणाच्या वासाबद्दल कोण शंका घेणार? उलट दोघांनाही भूक लागली.

आंबागड आलं. किल्ल्याच्या डोंगराकडून गावात उतरणारा एक रस्ता आहे आणि शेताकडून येणारा एक. शेताकडचा सपाट. कवडू तिकडं वळणार एवढ्यात रुखमिणी म्हणाली, "समोरूनच चला. मागून काय चोरावाणी जावाव?"

समोरून म्हणजे उतारावरून. उताराच्या पायथ्याशी सारं गाव जमलेलं. डफडी वाजत होती. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली. सगळ्यांत पुढं टिकाराम, डोक्याला गुलाबी फेटा, हातात त्याच्या मानाच्या जोडीचा कासरा. वर आंब्याच्या पानांचं तोरण.

कवडूनं ब्रेक दाबला. गाडीनं विचार केला. या वेळी तिचा विचार थांबायचा नव्हता.

त्यानं पुन्हा दाबला. हातब्रेक ओढला. पाय इतका खाली गेला की आता जमिनीला लागतो असं त्याला वाटलं. गाडी फार जोरात नव्हती. संध्याकाळी घराची वाट धरलेला बैल चालतो त्या चालीनं ती उतरत होती. हॉर्न वाजवावा असं त्याच्या मनात आलं. पण एवढ्या लोकांत एकदम मोठा आवाज करायचा म्हणजे सगळे आपल्याकडे पाहतील, याचा त्याला संकोच वाटला.

मग सगळ्यांनी पाहिलंच. माणसं बाजूला झाली, बैल बाजूला झाले. टिकारामनं आपली जोडी मागं ओढली. गाडी तोरणाखाली गेली. एका बाजूनं ते जरा खालीच बांधलेलं होतं. टपाला अडकलं, ताणलं आणि तुटलं. आंब्याची पानं नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखी काचेवर लोंबू लागली. कोणीतरी सवयीनं ओरडलं, "पोळा फुटला." तोरण तुटलं की पळायचं, एवढंच बैलांना ठाऊक. सगळे घरोघरी पळाले. गाडी तशीच पुढं जाऊन बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, काठच्या चिखलात नाक खुपसून उभी राहिली. (तळणाचा वास आता अगदी अंगाशी आला होता.)

मैदानात टिकाराम एकटा उभा होता. हातात कासरा, दोन सजवलेले बैल, आणि वर नुसता दोर.

 कवडू चिखलातून चालत आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जवाई, आले काय." सासू रत्नाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं. बोलला तो तेजराम, शेजारचा, ज्याला गावात कोणी बोलायला सांगावं लागत नसे. "टिकाराम, मान तुह्याच घरचा राहिला बाप्पा," तो म्हणाला. "बैलाच्या जागी जवायानं तोडला, एवढंच."

लोक हसले. गाडी चिखलातून बाहेर काढायला त्याच मानाच्या जोडीला जुंपावं लागलं. त्या दिवशी बैलाला जू लावत नाहीत. पण गाडी बोडीत आणखी खचत होती. टिकारामनं जू लावताना बैलांची माफी मागितली, जावयाकडे पाहिलं नाही.

जेवण झालं. रुखमिणीनं पिशवी आत नेऊन ठेवली.

"मी येत नाही," ती म्हणाली. "माह्या बाचा मान गेला. गाडी खराब होती का तुमी, हे पहिले गावासमोर ठरू द्या. मंग न्याले या."

कवडू मान हलवणार होता. पण ती निघून गेली होती.

गाडी सासऱ्याच्या अंगणात ठेवून तो एस्टीनं परतला. घरी बापाला एवढंच म्हणाला, "ब्रेक लागले नाही." यादोराव हळहळला. "नव्या जनावराले अंदाज येत नाही," तो म्हणाला.

मग इश्वर भेटला. इश्वर कवडूचा वर्गमित्र, तुमसरला एका वकिलाकडे टाइपिंग करायचा, आणि वकिलापेक्षा जास्त कायदा बोलायचा.

"तुले माहीत नाही काय? आता गिऱ्हाइकाचा कायदा झाला हाये," इश्वर म्हणाला. "वस्तू खराब निघाली तं बदलून द्या लागते. नुसकान भरून द्या लागते. भंडाऱ्याले तक्रार लावता येते."

"पण गाडी माही कोठी हाये? भाड्याची हाये ना."

"भाडं देतं का नाही?"

"देतो."

"मंग तू गिऱ्हाईक. फुकट तं नाही बसला. नवी गाडी, पहिलाच सण, आन ब्रेक नाही. उद्या माणूस मेला असता तं? शेठले सांग, गावासमोर गाडी खोल आन दोष कबूल कर. तुहा हक्क हाये."

हक्क हा शब्द कवडूनं आतापर्यंत दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकला होता. आपल्यालाही एखादा असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन दिवस तो गोठ्यात जाऊन बैलांसमोर बोलायचा सराव करत होता. "शेठ, तुमी मले खराब गाडी देली. मी गिऱ्हाईक हावो." बैल शांतपणे रवंथ करत. त्यामुळं त्याला धीर आला.

शेठच्या दुकानात पाच-सहा माणसं बसलेली होती. कवडू आत गेला, गोठ्यात म्हटलेलं सगळं एका दमात म्हणून मोकळा झाला, आणि शेवटी घाईत हेही म्हणाला, "तुमी गरिबाले फसवलं."

हे वाक्य त्यानं बैलांना म्हटलेलं नव्हतं. ते कुठून आलं ते त्यालाही कळलं नाही.

बाबूलाल शेठनी चष्मा काढला. "मी फसवलो तुले?" ते हळूच म्हणाले. दुकानातल्या माणसांनी कवडूकडे वळून पाहिलं. मग ते म्हणाले, "बराबर हाये. नवी गाडी खराब निघाली तं तुही काही चूक नाही. मी मिस्त्री घेऊन आंबागडले येतो. सारे पाहतीन. दोष निघाला तं दुसरी गाडी देतो आन टिकारामच्या पाया पडतो."

इतकं सोपं जाईल असं कवडूला वाटलं नव्हतं. बाहेर येताना त्याची छाती फुगलेली होती. दारात अडखळलाही.

ठरलेल्या दिवशी आंबागडच्या त्याच मैदानात गाडी आणून उभी केली. तेजराम सकाळपासून जागा धरून बसला होता. इश्वर रजा काढून आला. रुखमिणी आईच्या मागं उभी होती, पण मान उंच करून पाहत होती. आणि यादोराव स्वतःची बंडी जुंपून आला; मुलाच्या बाजूनं कोणीतरी असावं म्हणून.

मिस्त्रीनं चाक काढलं. आतला लोखंडी डबा ठोकून ठोकून सैल केला आणि ओढला. ओघळ हाताला लागला तसा तो थांबला. बोट लावलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

"शेठ," तो म्हणाला, "यात तं तूप हाये."

"ग्रीस म्हण."

"ग्रीस नाही जी. तूप. हळदीचं. ब्रेकच्या पट्ट्या साऱ्या तळून निघाल्या."

दुसरं चाक काढलं, तिसरं काढलं. चारही चाकांना सारखंच वाढलेलं होतं. पंक्तीत दुजाभाव नव्हता.

मैदानात कोणालाच काही कळेना. तेव्हा यादोराव पुढं झाला. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"ते मी टाकलो," तो म्हणाला. "खांद शेकलो ना मी हिची. बंडीच्या आखाले वंगण देतो तसं भोकातून आत सोडलो, पळसाच्या पानानं. अस्सल घरचं तूप होय, शेठ. डालडा नाही."

आधी तेजराम हसला. मग सारं गाव. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. रत्नाबाई पदर तोंडात धरून हसत होती. यादोराव सगळ्यांकडे पाहून स्वतःही थोडा हसला, कारण काय झालं ते त्याला अजून नीट समजलं नव्हतं.

कवडूच्या कानात सातवीचा वर्ग हसत होता. तो ओरडला, "कोण सांगतलं होतं तुमाले? अडाण्यावाणी कायले हात लावला?"

हसणं थांबलं. आतापर्यंत त्या मैदानात कवडूचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. गाडी अंगावर येत असताना त्यानं हॉर्न वाजवला नव्हता. तो आता बापावर वाजवला.

यादोराव म्हणाला, "तुलेच तं इचारलो होतो, बापू. आवतन द्यावाव काय म्हून. तू मान हलवला."

मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हात पुसले. हात कोरडेच होते.

बाबूलाल शेठ हसले नव्हते. त्यांनी मिस्त्रीला चाकं धुऊन नव्या पट्ट्या टाकायला सांगितलं. कवडू त्यांच्याजवळ गेला. "शेठ," एवढंच त्याला म्हणता आलं. शेठ म्हणाले, "तुहा कायदा चांगला हाये, कवडू. मी लढणार नव्हतो. पण दुकानात जे बोललास ते माह्या घरच्यांनी आतून ऐकलं. ते आता कोण धुवून देईन?" जाताना ते यादोरावला वाकून नमस्कार करून गेले. कवडूचा करार त्यांनी मोडला नाही. मोडला असता तर कवडूला थोडं सोपं गेलं असतं. पुढं तो भाडं द्यायला जाई तेव्हा शेठ कारकुनाकडे बोट दाखवत.

टिकारामचा मान परत येण्याचा काही मार्ग नव्हता. पुढच्या पोळ्याला तो पुन्हा पाटलाच्या बैलांचाच असणार होता. कवडू सासऱ्याच्या पाया पडला. टिकाराम म्हणाला, "जाऊ द्या, जवाई. तोरण दोराचंच होतं." आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

"बाबा, गाडीत बसा," कवडू म्हणाला.

"मही बंडी हाये," यादोराव म्हणाला.

रुखमिणी पिशवी घेऊन बाहेर आली. कवडूनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं. ती त्याच्यासमोरून गेली आणि सासऱ्याच्या बंडीत जाऊन बसली. नाकाडोंगरीपर्यंत बंडी पुढं आणि मोटार मागं, बैलांच्या चालीनं. ब्रेक आता इतके सुरेख लागत होते की प्रत्येक वेळी दाबताना कवडूला रडू येत होतं.

त्यानंतर वर्षभर यादोरावनं गाडीला हात लावला नाही. अंगणात ती आडवी असली तर वळसा घालून गोठ्यात जाई. कवडूनं एक वाक्य तयार केलं होतं, माफीचं. बैलांसमोर ते अनेकदा म्हणून झालं. बापासमोर गेलं की मान तेवढी हलत असे.

पुन्हा पोळ्याची आदली संध्याकाळ आली. यादोरावनं तूप पातळ केलं, हळद घातली, बैलांची खांद शेकली. वाटीत थोडं उरलं. कवडू गोठ्याच्या दारात उभा होता.

"बाबा," तो म्हणाला, "गाडीले..."

"तिले नोको," यादोराव म्हणाला. "तिले पचत नाही."

कवडूनं मान हलवली. बापानं वाटीतल्या उरलेल्या तुपाकडे पाहिलं, मग त्या हलणाऱ्या मानेकडे. मागच्या वर्षीपासून त्याच्या मनात काहीतरी साचलेलं होतं, ते जरा सैल झाल्यासारखं दिसलं.

"बस अठी," तो म्हणाला. "सदरा काढ."

कवडू बैलांच्या शेजारी खाली बसला. कोमट तूप खांद्यावर पडलं. पळसाचं पान हळूहळू फिरत राहिलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते तयार केलेलं वाक्य अखेर ओठांपर्यंत आलं. एवढ्यात बाप त्याच्या कानाशी वाकला.

"आज आवतन घ्या," यादोराव म्हणाला, "उद्या जेवाले या. आन तोरणापासून दूर राहा."

चुलीपाशी बसलेल्या रुखमिणीनं सगळं पाहिलं होतं.

"मामाजी," ती सासऱ्याला आतूनच म्हणाली, "रंग उरला हाये वो. यांचे शिंगंबी रंगवून टाका."

कवडूनं मान हलवली.